कोरड्या हिवाळ्यात झाडांना पाणी: किती, कधी आणि कुठे

जून-जुलैत लावलेले कडुलिंबाचे किंवा करंजाचे रोप मे महिन्यात वाळले, की दोष उन्हाळ्याला दिला जातो. पुष्कळदा ते रोप डिसेंबरातच हरलेले असते. हस्ताचा पाऊस संपतो, ऑक्टोबरचा उकाडा ओसरतो, पहाटे दव दिसू लागते आणि पाणी घालणारा हात आपसूक थांबतो. थंडीत कशाला पाणी, असे वाटते. रोपही हिरवेच दिसत असते. खाली मात्र त्याची पांढरी मुळे, म्हणजे पाणी ओढणारी केसासारखी बारीक मुळे, एकेक करून सुकत जातात. फेब्रुवारीअखेर ऊन तापू लागते, पानांची मागणी वाढते आणि ती पुरवायला मुळेच शिल्लक नसतात. मग रोज दोन बादल्या ओतल्या तरी ते रोप सावरत नाही.

इथली आकडेमोड घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या महाराष्ट्रासाठी आहे: पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, खानदेश, मराठवाडा, विदर्भ. या पट्ट्यात परतीचा पाऊस गेला की जूनपर्यंत भरवशाचा पाऊस नाही. पुण्यात डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या तीन महिन्यांत मिळून बहुतेक वर्षी 10 मिलिमीटरही पडत नाही. दवाचा आधार धरू नये. एका रात्रीचे दव मिलिमीटरच्या काही दशांशांएवढे असते, पानावरच पडते आणि नऊ वाजेपर्यंत उडून जाते. मुळांपर्यंत त्यातले काहीच पोचत नाही.

थंडीत झाडाला तहान लागते ती हवेच्या कोरडेपणामुळे. रात्री गारठा असला तरी दुपारी ऊन लख्ख असते आणि हवेतली आर्द्रता बरीच उतरते. आपले ओठ आणि टाचा फुटतात त्याच हवेत पानेही पाणी सोडत असतात. पान पाणी सोडते तेव्हा ते खोडातल्या नळ्यांमधून वर ओढले जाते. मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याचा एक अखंड धागाच ताणलेला असतो म्हणा ना. खाली ओल कमी पडली की धाग्यावरचा ताण वाढतो, आणि फार वाढला तर तो तुटून नळीत हवेचा बुडबुडा बसतो. ती नळी मग बहुधा कायमची निकामी होते. शेंडा वरून खाली मरत येतो त्यामागे बऱ्याचदा हेच असते. उन्हाळ्यात पाने मलूल होऊन इशारा देतात. थंडीत चिवट पानांची झाडे तसा इशारा देत नाहीत, म्हणून डोळ्यांवर विसंबता येत नाही. माती बघावी लागते.

मातीत सळई घालून बघा

पाऊण मीटर लांबीची, बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई घ्या. रोपाच्या आळ्यात, खोडापासून वीतभर अंतरावर ती हाताच्या जोराने दाबा. ओल्या मातीत सळई सरकत जाते आणि कोरड्या थराला अडते. ती किती खोल गेली, तेवढीच ओल आहे असे समजा. (दगडाला अडली तर आवाज येतो, तेव्हा जागा बदलून बघा.) पहिल्या वर्षाच्या रोपासाठी ती 45 सेंटिमीटर जायला हवी, दोन-तीन वर्षांच्या झाडासाठी 60.

मुरमाड जमिनीत सळई फसवते, कारण तिथे खडे अडतात. तिथे खुरप्याने वीतभर खोल उकरून माती मुठीत दाबावी. मूठ उघडल्यावर लाडू टिकला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर ओल ठीक आहे. लाडू वळतच नसेल तर पाण्याची पाळी चुकली आहे. टोचल्यावर तो फुटायच्या ऐवजी चिखलासारखा दबला आणि तळहाताला ओलसर चकाकी आली, तर पाणी जास्त झाले आहे. आपल्याला हवा असतो वाफसा: मातीच्या कणांभोवती पाणी आणि कणांच्या मधल्या जागेत हवा. मुळांना श्वास लागतो. सतत तुडुंब आळ्यात ती गुदमरतात, पाणी ओढणे बंद करतात आणि झाड पाण्यात उभे राहून तहानेने मरते. जास्त पाण्याने आणि कमी पाण्याने झालेली मर वरून सारखी दिसते ती यामुळे. थोडा फरक असतो: पाणी कमी असेल तर पानाचे टोक आणि कडा करपतात, जास्त असेल तर खालची पाने मऊ पिवळी होऊन गळतात. खात्री मात्र सळईनेच होते.

लिटरचा हिशोब

एवढे लक्षात ठेवले की पुरे: 1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर 1 लिटर. डिसेंबर-जानेवारीत आपल्या पठारावर हवा दिवसाला 3 ते 4 मिलिमीटर पाणी मागते, एप्रिल-मेमध्ये 6 ते 8. झाडे या मागणीच्या साधारण साठ टक्के पाण्यावर व्यवस्थित जगतात.

पहिल्या वर्षाचे रोप घेऊ. त्याच्या पर्णभाराची सावली अर्धा चौरस मीटर धरली तर रोप दिवसाला साधारण 1 लिटर वापरते. उघड्या ओल्या आळ्यातून आणखी अर्धा-पाऊण लिटर उडून जाते. म्हणजे दिवसाचा खर्च पावणेदोन लिटर. आता जमा किती, ते बघू. खड्डा 60 बाय 60 बाय 60 सेंटिमीटरचा असेल तर त्यात 216 लिटर माती मावते. चांगल्या पोयट्याच्या मातीत झाडाला ओढता येईल असे पाणी बारा टक्के धरले, तर ते 26 लिटर होते. सगळे संपेपर्यंत थांबायचे नसते, निम्मे संपले की भरायचे. म्हणून एका वेळेला 13 लिटर, आणि ते पुरते सात-आठ दिवस. आठवड्याला एक भरलेली 15 लिटरची बादली हा या हिशोबाचा सरळ अर्थ. आच्छादन असेल तर हीच बादली दहा दिवस पुरते. एप्रिलमध्ये तीच चार दिवसांवर येते.

झाड वाढते तसे आकडे बदलतात. पर्णभाराचा व्यास दीड मीटर झाला की क्षेत्र 1.77 चौरस मीटर आणि थंडीतला खर्च दिवसाला पावणेचार लिटरच्या आसपास. अशा झाडाला दहा दिवसांनी 40 लिटर. व्यास दोन मीटर झाला की पंधरा दिवसांनी 100 लिटर. अंतर वाढते, कारण मुळे खोल गेलेली असतात आणि मोठ्या साठ्यातून पाणी ओढतात. मोजमापाची भानगड नको असेल त्यांनी खोडाच्या जाडीवरून जावे: बुंध्याच्या दर सेंटिमीटर व्यासाला एका पाळीत 15 लिटर. 3 सेंटिमीटर जाड खोडाला 45 लिटर, म्हणजे उत्तर जवळपास तेच येते.

नळीने पाणी देताना किती गेले हे कुणालाच कळत नाही. म्हणून एकदा बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघा. 15 लिटरची बादली 50 सेकंदांत भरली, तर 40 लिटरच्या झाडापाशी नळी सव्वादोन मिनिटे धरायची. त्याहून कमी वेळ धरून पुढे जाण्याची सवय फार वाईट. रोज अर्धा मिनिट शिंपडलेले पाणी वरच्या दोन बोटांत राहते, मुळेही तिथेच वर येऊन बसतात, आणि मार्चमध्ये सर्वांत आधी तापतो तो हाच थर. क्वचित पण खोल पाणी दिले की मुळे ओलीमागे खाली जातात.

जमीन कोणती, त्यावर पाळी ठरते

मुरमाड जमिनीत खड्डा म्हणजे मुरमात बसवलेली कुंडी असते. आत भरलेल्या मातीत पाणी टिकते, कडेला पोचलेले पाणी मुरमातून निसटते. तिथे एकदम 15 लिटर ओतण्यापेक्षा 7-8 लिटर दर तीन-चार दिवसांनी द्यावे. पुढच्या वर्षी आळे वाढवताना खड्ड्याची कडा पहारीने चार ठिकाणी फोडून तिथे शेणखत-माती भरावी, नाहीतर मुळे कुंडीतल्यासारखी गोल फिरत राहतात.

काळ्या मातीचा प्रश्न उलटा आहे. ती पाणी भरपूर धरते, पण मुरवून घ्यायला वेळ लावते, आणि सुकली की भेगाळते. भेग पडते तेव्हा बारीक मुळे अक्षरशः तुटतात आणि भेगेतून आत शिरलेली हवा खालचा थरही सुकवते. भेगाळलेल्या आळ्यात पाणी ओतले तर ते भेगेतून सरळ तळाला जाते आणि मधली ढेकळे कोरडीच राहतात. आळे भरल्याचे समाधान मिळते, रोप उपाशी राहते. म्हणून आधी खुरप्याने वरचा दोन-तीन इंचांचा थर हलवून भेगा मातीने बुजवा, मग निम्मे पाणी द्या, तासभर थांबा, माती फुगून भेगा मिटल्या की उरलेले निम्मे द्या. दोन दिवसांनी वाफशावर पुन्हा हलकी खुरपणी करा. शेतात कुळव फिरवण्यामागे जे शहाणपण आहे तेच हे, फक्त आळ्यापुरते. काळ्या मातीत पहिल्या वर्षाच्या रोपाला 18-20 लिटर दर दहा-बारा दिवसांनी पुरते.

कोकण-गोव्यातल्या जांभ्यात पाणी झपाट्याने निचरून जाते. समुद्राजवळ हवा दमट असल्याने पानांचा खर्च थोडा कमी असतो, पण साठाही अगदी लहान असतो. तिथे आंबा-काजूच्या नव्या कलमांना पहिली दोन-तीन वर्षे थोडे थोडे, लवकर लवकर पाणी आणि बुंध्याभोवती पाल्याचा जाड थर, दोन्ही लागते. पालापाचोळा जाळून टाकणे हा तिथे सर्वांत मोठा तोटा.

पाणी कुठे द्यायचे

बुंध्यावर ओतलेले पाणी वाया जाते, शिवाय घात करते. पाणी ओढणारी मुळे पर्णभाराच्या सावलीच्या कडेला आणि तिच्याही थोडी बाहेर असतात. लिंबू, मोसंबी, संत्र्याच्या खोडाला पाणी लागत राहिले की बुरशीने साल कुजते आणि डिंक गळू लागतो. यासाठी दुहेरी आळे करतात: खोडाला लागून वीतभर रुंदीचा मातीचा उतरता भर, त्याभोवती आतली वरंबी, आणि सावलीच्या कडेला बाहेरची वरंबी. पाणी दोन वरंब्यांच्या मधल्या चरात सोडायचे. जांभूळ, बकुळ, चिंच, कोणत्याही रोपाला ही पद्धत चालते. बाहेरची वरंबी दरवर्षी पर्णभाराबरोबर सरकवायची, हे बहुतेक ठिकाणी राहून जाते. चार वर्षांच्या झाडाला पहिल्या वर्षाचे टोपलीएवढे आळे दिसले, की त्याची निम्मी मुळे कोरडी आहेत असे खुशाल समजावे.

आच्छादनाला उसाचे पाचट, वाळका पाला, भुस्सा, काहीही चालते. थर 8 ते 10 सेंटिमीटर, खोडापासून वीतभर दूर. मुरमाड कोरड्या जागी त्याला वाळवी लागते, विशेषतः लाकडाचे तुकडे आणि जाड काड्या असल्या तर. तिथे कुजलेले शेणखत किंवा बारीक पाला वापरावा, आणि पंधरा दिवसांनी थर उचलून खोडावर मातीच्या बारीक नळ्या चढल्यात का ते बघावे. दिसल्या तर खरडून काढाव्यात.

पाणी सावकाश देण्याच्या स्वस्त युक्त्या आहेत. 20 लिटरच्या जुन्या कॅनच्या तळाशी तापवलेल्या खिळ्याने 2 मिलिमीटरचे छिद्र पाडले, की तो दोन-अडीच तासांत रिकामा होतो. झाकण सैल ठेवायचे, नाहीतर आत हवा जात नाही आणि धार थांबते. पाणी गाळून भरायचे, एवढ्या छिद्रात एक काडी पुरते. मटक्याची पद्धत तर उत्तमच. पाच-सात लिटरचे बिनरंगाचे, बिनझिलईचे मटके रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, तोंडावर झाकण ठेवावे. पुरण्याआधी भरून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरची बाजू सर्वत्र ओलसर दिसली तर मटके कामाचे, कोरडी राहिली तर ते जास्त भाजलेले आहे. बोअरच्या जड पाण्याने त्याची छिद्रे क्षाराने बुजतात. रिकामे व्हायला दुप्पट दिवस लागू लागले की वर काढून ताठ ब्रशने घासावे. ठिबक असेल तर ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर खोडाच्या दोन बाजूंना, आणि दरवर्षी बाहेर सरकवलेले. नळीच्या टोकाची बूच आठवड्यातून एकदा काढून गाळ वाहू द्या. हिरवे रोप आणि शेजारी वाळलेले रोप असे चित्र ठिबकवर दिसले, तर आधी त्या रोपाचा ड्रिपर तपासावा, तो तुंबलेला असतो.

वेळ सकाळची चांगली. निफाडकडे येतात तशा कडाक्याच्या रात्री अपेक्षित असतील तर मात्र आदल्या दिवशी पाणी द्यावे. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. पपई, केळी आणि कोवळ्या रोपांना तेवढा एक-दोन अंशांचा आधारही पुरतो. थंडीत नत्राचा जादा डोस देऊ नये, कोवळी फूट येते आणि गारठ्यात करपते.

काही झाडांना थंडीत पाणी देणेच चूक

फळाला आलेल्या आंब्याला ऑक्टोबरपासून पाणी तोडायचे. कोरडी जमीन आणि थंडी मिळाली की तो मोहोरतो. मायेने पाणी दिले तर मोहोराऐवजी पालवी फुटते आणि वर्ष जाते. वाटाण्याएवढी कणी धरली की पाणी सुरू करावे. संत्रा-मोसंबीचा आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा) धरायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात: हलक्या जमिनीत महिनाभर, मध्यम जमिनीत 40-45 दिवस, भारी जमिनीत 55-60. ताण तोडताना एकदम आळे भरायचे नसते. आधी आंबवणीचे हलके पाणी, मग चिंबवणीचे, नंतर नेहमीची पाळी. ही सगळी सवलत फळाला आलेल्या झाडांना आहे. दोन वर्षांच्या आंब्याला ताण दिला तर तो मोहोर देत नाही, खुरटतो.

पानगळीची झाडे, साग, पळस, पांगारा, काटेसावर, थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाने टाकून स्वतःच खर्च कमी करतात. त्यांची पाळी दुप्पट अंतराने चालते, पण पहिल्या वर्षी पूर्ण बंद करू नये. पांढरा चाफा निष्पर्ण असताना ओल्या जमिनीत कुजतो, त्याला महिन्यातून एकदा पुरे. बोगनवेल ताणावरच फुलते. झुडपांपैकी जास्वंद, तगर, डुरांट्याचे कुंपण यांची मुळे फूट-दीड फुटातच असतात, त्यांना आठवड्याला दर चौरस मीटरला 15 लिटर हवे. कण्हेरीला निम्मे पुरते.

जुने वड, चिंच, कडुलिंब खोल जमिनीत असतील तर त्यांना आपल्या बादलीची गरज नाही. अपवाद दोन: गटारासाठी किंवा केबलसाठी खोदताना ज्यांची एका बाजूची मुळे तुटली ती झाडे, आणि उपटून दुसरीकडे लावलेली मोठी झाडे. त्यांना निदान दोन हिवाळे नव्या रोपासारखे सांभाळावे लागते. फरसबंदीत गळ्यापर्यंत गाडलेल्या झाडाला पाणी घालायला जागाच नसते, तिथे आधी खोडाभोवतीचे मीटरभर काँक्रीट काढून घ्यावे.

पाणीच कमी असेल तेव्हा

टँकरवर गाव असेल आणि पन्नास रोपांना आठवड्याला 300 लिटर मिळत असतील, तर प्रत्येकाला सहा लिटर हे वाटप न्याय्य दिसते, पण त्यात आच्छादन नसलेली पन्नासच्या पन्नास धोक्यात येतात. त्यापेक्षा रोपांचे दोन गट करून एका आठवड्यात पंचवीस रोपांना 12 लिटर, दुसऱ्या आठवड्यात उरलेल्या पंचवीसांना, आणि सगळ्यांना जाड आच्छादन, असे करावे. ओल खोल जाते आणि चौदा दिवसांचा टप्पा थंडीत काळ्या मातीत निभतो. आधी या पावसाळ्यातली रोपे आणि मुळे तुटलेली झाडे, मग दुसऱ्या वर्षाची, मग फळ धरलेली, मग कुंपण. हिरवळ सर्वांत शेवटी, ती पिवळी पडू द्या. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी आळ्यात चालते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी मोठ्या कणखर झाडांना अधूनमधून चालते, रोपांना आणि कुंड्यांना नको. आळ्यात पांढरा थर दिसू लागला की एकदा नेहमीच्या दुप्पट गोडे पाणी देऊन क्षार खाली ढकलावेत.

एप्रिल-मेमध्ये वळवाची सर येते, मातीचा वास सुटतो आणि ठरलेली पाळी हमखास चुकवली जाते. दहा मिलिमीटरची दणदणीत सरसुद्धा 60 सेंटिमीटर व्यासाच्या आळ्यात तीन लिटरही टाकत नाही. त्या दिवशीची उरलेली बारा लिटर पाण्याची बादली द्यावीच लागते.